दोषमुक्तीचे पत्र परत करीत असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
तपास नियोजन व समन्वय कक्ष
(फौजदारी तपास आणि खातेनिहाय चौकशी यांचे एकत्रित व्यवस्थापन),
मुख्य प्रशासकीय इमारत, दुसरा मजला.

विषय: अर्जदारास पुराव्याअभावी दिलेली दोषमुक्ती रद्द करून, रुग्णालयातील रुग्णाच्या मृत्यूचा तपास आता तरी सुरू करण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाचे अर्जदारास मिळालेले दोषमुक्तीचे पत्र. (जावक क्रमांकावर शिक्क्याची शाई पसरली असल्याने तो येथे देता येत नाही.)

महोदय,

१. अर्जदार ही सार्वजनिक रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण असून वरील प्रकरणात निलंबित होती. आपल्या पत्रान्वये तिला दोषमुक्त करण्यात आले असून कामावर रुजू होण्यास कळवले आहे. सदर पत्र अर्जदार मूळ प्रतीत परत करीत आहे. स्वतःला निर्दोष का ठरवले म्हणून तक्रार घेऊन आलेली बाई आपल्या कक्षाने यापूर्वी पाहिली नसेल. म्हणून कारणे सविस्तर द्यावी लागत आहेत. अर्ज शेवटपर्यंत वाचावा, मधेच शेरा मारून खालच्या टेबलाकडे पाठवू नये, ही पहिली विनंती.

२. त्या संध्याकाळी पुरुष वॉर्डात मऊ भात, भाज्यांचे सूप आणि कस्टर्ड असे जेवण गेले. जेवणानंतर थोड्याच वेळात बऱ्याच रुग्णांना उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सावरले, पण खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा सकाळ व्हायच्या आत गेले. ते हयातभर घड्याळे दुरुस्त करीत आले होते आणि वॉर्डातले सगळे त्यांना 'घड्याळवाले आजोबा' म्हणत. जेवणाची गाडी वॉर्डात शिरली की ते अर्जदाराला म्हणत, "या बाई, तुमच्यावर घड्याळ लावतो आम्ही." मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे कारण आहे. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच शेवटी बंद पडते. ती कशाने बंद पडली एवढाच प्रश्न होता, आणि तो आजही तेवढाच आहे.

३. या स्वयंपाकघरात एक जुनी शिस्त आहे. कोणताही पदार्थ वॉर्डात जाण्याआधी त्यातला थोडा झाकणाच्या लहान वाटीत काढून शेजारच्या कोठीतल्या फ्रीजमध्ये ठेवायचा. कोणाला बाधले तर कशाने बाधले ते कळावे, म्हणून. स्वयंपाकघरातल्या बाया त्या वाट्यांना 'साक्षीदार' म्हणतात. "साक्षीदार बसवले का गं?" असे विचारून, होकार आल्याशिवाय गाडी हलत नाही. त्या संध्याकाळचे तिन्ही साक्षीदार झाकणे लावून फ्रीजमध्ये शहाण्यासारखे बसले होते. त्यांना उचलून प्रयोगशाळेत न्यायचे, एवढेच काम होते.

४. सकाळी फौजदारसाहेब आले. त्यांनी फ्रीजला दोरा गुंडाळून लाखेचे सील केले. त्यांच्या मागोमाग खात्याचे चौकशी अधिकारी आले. परक्याने आपल्या ताटात हात घालावा तसे त्यांनी त्या लाखेकडे पाहिले आणि वरून कागदी पट्ट्या आडव्या चिकटवून आपले सील केले. मग पिशवीतून नियमांचे पुस्तक काढून त्यांनी वाचून दाखवले की, सीलबंद जागेतील विद्युत उपकरण चालू ठेवू नये. आग लागू नये म्हणून कोणीतरी गोदामासाठी केलेला हा नियम असावा. त्यांनी फ्रीजचा प्लग काढला, सॉकेटवरही पट्टी चिकटवली आणि तीवर सही केली.

अर्जदार म्हणाली, "साहेब, आत कालचं जेवण आहे. बंद केलात तर नासेल की हो." फौजदारसाहेब म्हणाले, "बाई, संशय तुमच्यावरच आहे. पुराव्याबद्दल तुम्ही तोंड उघडायचं नाही." चौकशी अधिकारी म्हणाले, "जे काही असेल ते लेखी द्या." दाराशी पहाऱ्याला उभा केलेला हवालदार हळूच म्हणाला, "माझ्या घरचा असता तर कधीच लावला असता, ताई. पण इथं भोकांवरसुद्धा साहेबांची सही आहे." बंद फ्रीजमध्ये अन्न नासते हे कळायला स्वयंपाकीण व्हावे लागत नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होते. प्लग मात्र कोणीच लावला नाही.

५. अर्जदाराने त्याच दिवशी लेखी दिले. तो कागद आपल्या कक्षाकडे आला, कारण दोन तपास एकमेकांच्या पायात येऊ नयेत यासाठीच आपला कक्ष नेमलेला आहे. कक्षापुढे प्रश्न पडला की, आधी कोणाचे सील तोडायचे. पोलीस म्हणाले, हलगर्जी झाली असे खात्याने ठरवल्याशिवाय आम्ही गुन्हा कसला शोधायचा? खाते म्हणाले, गुन्हा घडलेला नाही असे पोलिसांनी कळवल्याशिवाय आम्ही हलगर्जी कशी ठरवायची? यावर आपण क्रमनिश्चितीची बैठक बोलावली. ती पुढे ढकलली. मग ती का ढकलावी लागली याचा आढावा घेण्यासाठी बैठक झाली, आणि तीत मात्र सर्वजण वेळेवर हजर होते.

रुग्णांच्या उलट्यांचे नमुने वॉर्डातल्या परिचारिकेने शहाणपणाने काढून ठेवले होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने ते तपासले तर निःपक्षपातीपणा राहत नाही, म्हणून कक्षाने ते बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. बाहेरच्या प्रयोगशाळेने दोन्ही खात्यांच्या सहीचे एकच पत्र मागितले. दोन्ही खात्यांनी एकाच कागदावर सही करण्याची तरतूद नसल्याने बाटल्या परत आल्या, आणि परत आल्या तेव्हा त्या कोणी घ्यायच्या हे ठरेना म्हणून पार्सलच्या खोलीत उन्हाच्या बाजूला राहिल्या.

६. एका बैठकीला अर्जदारास बोलावण्यात आले होते. तिला बाहेरच्या बाकावर बसवले, आत बोलावले नाही, परंतु काचेच्या दारातून सर्व दिसत होते. भिंतीवर मोठा तक्ता होता. त्यावर चौकोन, गोल, तांबडे-हिरवे बाण. आपण हातात काठी घेऊन सर्वांना समजावत होता आणि सर्वजण मान डोलावत होते. अर्जदाराने शेजारच्या लिपिकाला विचारले, "यात मी कुठे आहे हो?" तो म्हणाला, "तिथं खाली डावीकडे. बाण संपतात तिथे." घड्याळवाले आजोबा कुठे आहेत असे विचारल्यावर त्याने बराच वेळ तक्ता न्याहाळला आणि म्हणाला, "ते यात घेतलेले दिसत नाहीत."

अर्जदार कीर्तनाची वेडी आहे. बुवा आख्यान रंगवताना कितीही लांब फिरून आले, चार दृष्टांत देऊन मंडळींना हसवून-रडवून आले, तरी शेवटी धरतात ते मूळ पदच. अर्जदार त्या बाकावर संध्याकाळपर्यंत याच आशेवर बसून राहिली की, आता कोणीतरी मूळ पद धरेल, आता कोणीतरी विचारेल की अहो, पण तो माणूस कशाने गेला? बैठक संपली. सर्वांनी छान झाली म्हणून एकमेकांचे हात हातात घेतले.

७. यापुढील मजकूर किळसवाणा आहे. तो लिहिताना अर्जदाराला संकोच वाटत नाही, कारण त्यातली घाण तिने केलेली नाही.

निलंबित असली तरी अर्जदारास हजेरीची सही करण्यास रोज रुग्णालयात यावे लागे. त्यामुळे फ्रीजचे जे झाले ते तिने डोळ्यांनी पाहिले. आधी दाराच्या रबराला काळी बुरशी धरली. मग खालून तपकिरी, तार सुटणारे चिकट पाणी झिरपू लागले आणि फरशीच्या उतारावरून स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत आले. त्यात अळ्या होत्या. आत दूध होते, भाज्या होत्या, आजाऱ्यांसाठी राखलेली फळे होती. सगळ्यांनी मिळून जो वास सोडला तो कपड्यांतून घरी येई आणि धुतला तरी जात नसे. आणि महोदय, त्याच भिंतीपलीकडे त्याच वॉर्डाचे जेवण रोज शिजत होते. जेवणातून बाधा झाली की काय याचा तपास चालू होता म्हणून तो फ्रीज तिथे होता!

सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांची घाण उपसली, पण ह्याला हात लावला तर म्हणे पुरावा पुसला म्हणून मलाच धरतील. राहू दे तसंच, त्यांचं त्यांना लखलाभ." हवालदार फिनेलमध्ये बुडवलेला रुमाल नाकाला बांधून बसे. बदली मागून मिळेना, तेव्हा तोच उलट्या करून त्याच वॉर्डात दाखल झाला. त्याची नोंद मूळ घटनेत धरायची की स्वतंत्र चौकशी लावायची, यावर आपल्या कक्षाने मार्गदर्शन मागवल्याचे अर्जदारास समजते.

वासाबद्दल रुग्णालयाने कळवल्यावर कक्षाचे उत्तर आले की, दुर्गंधी हा पुराव्याचा भाग आहे किंवा कसे याबाबत अभिप्राय मागवला असून तो येईपर्यंत खिडक्या उघडू नयेत. पुढे अभिप्रायास उशीर होत असल्याने, विशेष बाब म्हणून गुलाबाच्या वासाचा फवारा मंजूर झाला. सडलेल्याच्या वासात गुलाब मिसळला की काय होते, हे आपण दुसऱ्या मजल्यावर बसून जाणू शकणार नाही. नुसती घाण असती तर माणूस नाक दाबून निघून जातो. तो गुलाब अर्जदाराच्या अजून जिभेवर आहे.

८. शेवटी दोन्ही सील एकाच क्षणी तोडण्याची युक्ती आपल्या कक्षाने शोधून काढली. एकीकडे फौजदारसाहेब, दुसरीकडे चौकशी अधिकारी, मधे आपण, समोर छायाचित्रकार. दार उघडल्याबरोबर छायाचित्रकार बाहेर पळाला. प्रयोगशाळेच्या माणसाने वाट्यांची झाकणे उघडून आत पाहिले आणि म्हणाला, "यात आता इतकं काय काय वाढलंय, की त्या दिवशी यात काय होतं ते देवालाच विचारा." पंचनाम्यात 'ओळखण्यापलीकडे' असे लिहिले गेले.

तिथेच, त्या उघड्या दारासमोर, फरशीवर अळ्या असताना, आपण अर्जदाराकडे वळून हसून म्हणालात, "सुटलात बाई! पुरावाच राहिला नाही. घरी जा, तोंड गोड करा." अर्जदार आपल्या वयाचा व हुद्द्याचा मान राखते, म्हणून त्या वेळी तिने फक्त पदर तोंडाला लावला. तो वासासाठी लावला असे आपल्याला वाटले असावे.

त्यानंतर आपल्या दालनाबाहेरील फलकावर हे प्रकरण 'विनासंघर्ष निकाली' या सदरात लागलेले अर्जदाराने पाहिले. संघर्ष झाला नाही हे खरे आहे. दोन्ही तपास शेवटपर्यंत एकमेकांच्या आड आले नाहीत. आड यायला ते जागेवरून हलावे लागतात.

९. घरी आनंद झाला. अर्जदाराच्या सासूबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक दारी जाऊन सून सुटल्याचे सांगितले. यजमान म्हणाले, "पगार सुरू झाला, नाव धुऊन निघालं. आता गप्प बस, उकरू नकोस." नाव धुऊन निघाले असते तर अर्जदार गप्प बसली असती. धुतलेले आणि झाकलेले यातला फरक तिला भांड्यांवरून कळतो.

१०. आता ज्यासाठी हा अर्ज केला आहे ते.

घड्याळवाल्या आजोबांच्या पत्नी, आजी, अर्जदाराच्या घरी आल्या होत्या. अर्जदाराला वाटले, शिव्याशाप द्यायला आल्या असतील, आणि ती ते ऐकून घ्यायच्या तयारीने उभी राहिली. आजी पाणीसुद्धा न घेता ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "मुली, मला कुणावर खटला घालायचा नाही. तू सुटलीस, चांगलं झालं. मला एवढंच सांग, ते कस्टर्डनं गेले का?"

अर्जदाराने विचारले, कस्टर्डच का? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते अर्जदार त्यांच्याच शब्दांत देते. "त्यांनी सूप घेतलं आवडीनं. भात खाल्ला. गोड नको म्हणाले. तोंड फिरवलं. मीच मागं लागले, की दोन चमचे घ्या, अंगात ताकद नको का? लहान मुलाला भरवतात तसं हनुवटी धरून भरवलं गं मी. शेवटचा घास. आता रोज जेवायला बसले की तो चमचा दिसतो. मीच घातलं का त्यांच्या तोंडात ते?"

अर्जदाराने त्यांचे हात हातात घेतले. आपण दिलेले दोषमुक्तीचे पत्र कोनाड्यात होते. त्यात अर्जदाराचा दोष सिद्ध होत नाही असे तीन ठिकाणी निरनिराळ्या शब्दांत आहे. आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात एकाही ठिकाणी नाही.

११. मात्र उत्तर अजून पूर्णपणे सडलेले नाही. आजोबांच्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. त्यांना साखरेचा आजार असल्याने गोड वर्ज्य आहे. त्यांनी अर्जदाराला सांगितले, "कस्टर्डला मी शिवलोसुद्धा नाही. सूप प्यायलो, दोन घास भात चिवडला, आणि माझंही पोट तसंच ढवळून निघालं." म्हणजे बाधा कस्टर्डची नसावी. अर्जदाराने हे आपल्या कक्षास लेखी कळवले. पहिले उत्तर आले की, जबाब नोंदवण्याचा क्रम निश्चित व्हायचा आहे. दुसरे उत्तर आले की, प्रकरण बंद झाल्याने जबाबाची आवश्यकता नाही. त्या वॉर्डातल्या एकाही रुग्णाला, तू काय खाल्लेस आणि काय नाही, एवढे कोणीही विचारलेले नाही. विचारायला ना सील तोडावे लागत होते, ना प्रयोगशाळा लागत होती. खाटेजवळ स्टूल ओढून बसावे लागत होते.

अर्जदाराने हे आजींना सांगून पाहिले. आजींनी तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू मायाळू आहेस म्हणून असं सांगतेस. मला बरं वाटावं म्हणून." त्यांचा विश्वास बसत नाही. ज्याला यात मायाही नाही आणि गरजही नाही, अशा माणसाने अधिकाराने सांगितले तरच तो बसेल. मायेच्या अभावाबाबत आपल्या कक्षाइतके योग्य कार्यालय अर्जदारास दुसरे माहीत नाही.

शिंपीकाका थकले आहेत. लवकरच ते दूरच्या गावी मुलीकडे राहायला जाणार आहेत.

१२. या टप्प्यावर आपल्याला एक गोष्ट कळवणे अर्जदार आपले कर्तव्य समजते, म्हणजे पुढे कोणी ती शोधून काढल्याचे श्रेय घ्यायला नको. त्या दिवशी कस्टर्ड मदतनीस बाईने केले होते. सूप आणि भात अर्जदाराने स्वतःच्या हाताने केले होते. भाज्या तिने निवडल्या, पाणी तिने ओतले, चव तिने घेतली. तिला स्वतःला काही झाले नाही, पण तिने चमचाभरच चाखले होते. शिंपीकाकांचा जबाब नोंदवला गेला, इतरांनाही विचारले गेले आणि ते तसेच निघाले, तर आजींचा चमचा सुटतो आणि बोट अर्जदाराकडे वळते. मग भाजी नासकी आली होती, की पाण्याची टाकी घाण होती, की अर्जदाराचाच हात कुठे चुकला, हे शोधावे लागेल. अर्जदाराला ते माहीत नाही. देवापुढे बसून आठवले तरी आठवत नाही. तिला ते कळायला हवे आहे, कारण आपल्या पत्रानुसार ती उद्यापासून पुन्हा त्याच टाकीचे पाणी त्याच पातेल्यात ओतणार आहे.

यजमान म्हणतात, सुटलेल्या माणसाने आपण होऊन अडकायला जाऊ नये. त्यांचे म्हणणे व्यवहाराचे आहे. परंतु आजी दर दिवशी जेवायला बसतात.

१३. सबब विनंती की, सोबत परत केलेली दोषमुक्ती रद्द करावी. अर्जदाराचे निलंबन पूर्ववत चालू ठेवावे, तिच्या जागी तोवर दुसरी बाई नेमावी. शिंपीकाका गावी जाण्याच्या आत कोणीतरी, मग ते पोलीस असोत, खात्याचे असोत वा आपले शिपाई असोत, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी काय खाल्ले ते विचारावे आणि लिहून घ्यावे. पाण्याची टाकी उघडून पाहावी. यातून जे निघेल ते आपण स्वतः आजींच्या घरी जाऊन त्यांना तोंडी सांगावे. त्यांना वाचता येते, पण कागदावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. जाताना तक्ता नेऊ नये. त्या विचारतील त्याचे हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यावे.

त्या उत्तराने अर्जदार दोषी ठरली, तर फौजदारसाहेब आणि चौकशी अधिकारी यांपैकी आधी कोणी यायचे यासाठी बैठक घेऊ नये. जे आधी निघतील त्यांच्याबरोबर अर्जदार येईल.

तोपर्यंत, महोदय, हात जोडून सांगणे की अर्जदारास सोडू नये.

कळावे, उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
मुख्य स्वयंपाकीण,
सार्वजनिक रुग्णालय
(आपल्या पत्राप्रमाणे दोषमुक्त, या अर्जाप्रमाणे निलंबित)

दिनांक: शिंपीकाका अजून गावातच असतानाचा. आवक शाखेने आपला शिक्का त्यानुसार तातडीने मारावा.

सोबत: दोषमुक्तीचे मूळ पत्र. शिंपीकाकांच्या घराचा पत्ता, खुणेसह: औषधाच्या दुकानावरचा जिना, हिरवे दार. ते दुपारी झोपतात, सकाळी जावे.